सारखा दर म्हणजे सारखं ओझं नव्हे

गेले काही दिवस एक मजकूर सगळीकडे फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला, आणि त्यातल्या दोघांचे हिशेब मी स्वतः बघतो. मजकूर थोडक्यात असा: ‘सगळ्यांना कराचा एकच दर लावा. कमाई थोडी असो की भरपूर, राहणं महागड्या शहरात असो की आडगावात, धंदा एकट्याचा असो की हजार माणसांचा, प्रत्येकाने उत्पन्नाचा तेवढाच हिस्सा द्यावा. अ‍ॅडम स्मिथही हेच सांगून गेला. ज्या देशांनी हे केलं ते सुधारले. छोट्या धंदेवाल्यांना एक फॉर्म भरायचा असतो, त्याचं एवढं रडगाणं कशाला? आणि महाग शहरात राहा असं कोणी सांगितलंय?’

वाचताना पटतं, हे कबूल. ‘सगळ्यांना सारखं’ म्हटलं की माणूस मान डोलावतोच. पण एकेक वाक्य धरून हिशेब मांडला की त्यातलं फारसं काही उरत नाही.

‘तेवढाच हिस्सा, म्हणजे न्याय.’

समजा एकाची कमाई १०० आहे आणि घरभाडं, खाणं, औषधं, मुलांची फी यांतच ८० जातात. दुसऱ्याची कमाई १,००० आहे आणि याच गरजांवर तो ३०० खर्च करतो. दोघांनाही २० टक्के कर. पहिल्याचे उरलेले २० होते, ते सगळेच्या सगळे गेले. दुसऱ्याचे ७०० उरले होते, त्यातले २०० गेले, ५०० शिल्लक. उद्या दोघांच्या घरी आजारपण आलं तर पहिला उसनवारीला निघेल, दुसरा बचतीला हात घालेल. दर मात्र दोघांना एकच लागला होता.

कर उत्पन्नावर लागतो, पण तो जातो जगून उरलेल्या पैशातून. एकाच दराची आखीव-रेखीव योजना ज्यांनी मांडली त्यांनाही हे ठाऊक होतं. स्टॅनफर्डच्या हूव्हर संस्थेतले रॉबर्ट हॉल आणि अल्विन राबुश्का यांनी १९८१ मध्ये अशी योजना पुढे आणली, तेव्हा तिच्यात कुटुंबाला करमुक्त मर्यादा ठेवलेली होती. एकदा ती मर्यादा मान्य केली की ‘सगळ्यांचा तेवढाच हिस्सा’ हे वाक्य तिथेच संपतं. मग भांडण राहतं ते मर्यादा किती असावी आणि ती सगळीकडे एकच असावी का, एवढंच.

राहिला अ‍ॅडम स्मिथ. १७७६ मध्ये त्याने कराच्या चार कसोट्या सांगितल्या: ऐपतीनुसार वाटणी, निश्चितता, भरणाऱ्याची सोय आणि वसुलीत काटकसर. पहिल्या कसोटीत उत्पन्नाच्या प्रमाणात कर असं त्याने म्हटलंय, हे खरं. पण घरभाड्यावरच्या कराबद्दल लिहिताना त्याच स्मिथने म्हटलंय की श्रीमंतांनी प्रमाणापेक्षा थोडं जास्त दिलं तर त्यात फार गैर काही नाही. त्याचा हवाला द्यायचा तर पुरता द्यावा. उरलेल्या तीन कसोट्यांचं तर हा मजकूर नावही काढत नाही, आणि छोटा धंदेवाला नेमका तिथेच मार खातो.

‘ज्या देशांनी केलं ते सुधारले.’

एस्टोनियाने १९९४ मध्ये २६ टक्क्यांचा एकच दर आणला, आणि करमुक्त रक्कम तेव्हाही ठेवली. रशियाने २००१ मध्ये १३ टक्के केला. पुढच्याच वर्षी तिथली वैयक्तिक प्राप्तिकराची वसुली, महागाई वजा जाता, सुमारे २६ टक्क्यांनी वाढली. बहुतेक मजकूर याच आकड्यावर उभे असतात. पण आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अर्थतज्ज्ञांनी २००५ मध्ये हे तपासलं, तेव्हा दर कमी केल्यामुळे लोक जास्त काम करू लागले असा ठोस पुरावा त्यांना मिळाला नाही. कर भरण्याचं प्रमाण सुधारलं होतं, पण ते नव्या दरामुळे की त्याच सुमारास बदललेल्या अंमलबजावणीमुळे, हे सांगता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढचं तर मजकुरात येतच नाही. स्लोव्हाकियाने २००४ मध्ये १९ टक्क्यांचा एकच दर आणला आणि २०१३ मध्ये वरच्या उत्पन्नासाठी जास्त दराचा दुसरा टप्पा लावला. लॅटव्हियाने २०१८ मध्ये, लिथुआनियाने २०१९ मध्ये टप्पे आणले. खुद्द रशियाने २०२१ पासून वरच्या उत्पन्नाला १५ टक्के लावले आणि २०२५ पासून १३ ते २२ टक्क्यांपर्यंत पाच टप्पे केले. उदाहरण म्हणून दाखवतात त्यांतले बरेच देश त्या वाटेवरून मागे फिरलेत.

‘छोट्यांना एक फॉर्म भरायचा असतो.’

हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, कारण हा फॉर्म मी रोज बघतो.

एक ताई एकटीने शिवणकामाचं युनिट चालवतात. तिमाही संपली की रात्री जेवणं उरकल्यावर त्या बिलांची पिशवी टेबलावर उपडी करतात. निम्मी बिलं थर्मल कागदावरची. गुळगुळीत, पिवळट, चार महिन्यांत अक्षरं उडालेली. गेल्या खेपेला दोऱ्याच्या मोठ्या खरेदीचं एक बिल त्यांनी दिव्यासमोर धरलं, तिरकं केलं, मोबाइलवर फोटो काढून गडद केला. रक्कम दिसली, पण विक्रेत्याच्या नोंदणी क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे काही दिसेनात. क्रमांक नाही म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट नाही. भरलेला कर त्यांच्याच अंगावर पडला. कायद्याने त्यांचा दर मोठ्या कारखान्याइतकाच होता. पण त्या कारखान्यात बिल येतं तेच संगणकावर, आणि क्रमांक चुकला तर विक्रेत्याला फोन करायला पगारी माणूस बसलेला असतो.

आता गणित करू. एकट्याच्या धंद्यात हिशेब आणि विवरणपत्रं यांत महिन्याचे दोन दिवस गेले, तर कामाच्या २५ दिवसांतले ८ टक्के गेले. पाचशे माणसांच्या कंपनीने तीन जण पूर्णवेळ याच कामाला बसवले, तरी तो ०.६ टक्के होतो. या ८ टक्क्यांना कुठल्याही तक्त्यात कर म्हणत नाहीत, पण धंद्याच्या अंगाने तो करच आहे, आणि उलटा कर आहे: जितका धंदा लहान तितका दर जास्त. ब्रिटनमध्ये सेड्रिक सँडफर्ड या अर्थतज्ज्ञाने १९७० च्या दशकापासून करपालनाचा हा खर्च मोजायला घेतला, आणि उलाढालीच्या प्रमाणात तो सर्वांत लहान धंद्यांवरच सर्वांत जड पडतो, हेच दिसून आलं.

त्यात उधारी. माल दिला, बिल केलं, की कर देय. गिऱ्हाईक पैसे देणार तीन महिन्यांनी. तोपर्यंत सरकारची रक्कम छोट्याने आपल्या खिशातून भरायची, म्हणजे बड्या गिऱ्हाइकाला बिनव्याजी कर्जच. यावर उपाय नाही असं नाही. ब्रिटनमध्ये १३.५ लाख पौंडांपर्यंत उलाढाल असलेल्यांना पैसे हातात आल्यावर मूल्यवर्धित कर (विक्रीवरचा व्हॅट) भरायची सोय आहे. दर न बदलताही ओझं हलकं करता येतं, ते असं.

पण सवलतीची मर्यादा धारदार असली तर तीच कापते, हेही सांगायला हवं. ब्रिटनमध्येच या कराच्या नोंदणीची मर्यादा एप्रिल २०२४ पासून ९०,००० पौंड आहे. मर्यादा ओलांडली की संपूर्ण विक्रीवर कर. घरगुती गिऱ्हाईक असलेल्याने भाव न वाढवता २० टक्क्यांचा दर सोसायचा म्हटलं, तर ९०,००० मधले १५,००० कराचे (उरलेल्या ७५,००० वर २० टक्के), त्यातून खरेदीवर भरलेला कर तेवढा वजा. म्हणून तिथे मर्यादेच्या जरा खाली धंद्यांची दाटी झालेली दिसते. लोक काम नाकारतात, वर्षअखेरीला दुकान बंद ठेवतात. त्यांना आळशी किंवा चोर म्हणू नये. मर्यादेच्या पलीकडे चढ न ठेवता कडा ठेवलाय, आणि कड्यावरून उडी कोणी मारत नाही.

आणि मोठे काय देतात? बहुराष्ट्रीय कंपन्या नफा कमी कराच्या देशांत सरकवतात, त्यातून जगभरच्या सरकारांचं वर्षाला १०० ते २४० अब्ज डॉलरचं नुकसान होतं, असा ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक संघटनेचा अंदाज आहे. कंपन्यांकडून मिळणाऱ्या एकूण कराच्या तो ४ ते १० टक्के होतो. म्हणूनच २०२१ मध्ये १३० हून अधिक देशांनी, ७५ कोटी युरोंच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांसाठी किमान १५ टक्के कराचं तत्त्व मान्य केलं. शिवणकामाच्या युनिटला नफा दुसऱ्या देशात नेता येत नाही. छापील दर एकच असला तरी तो पुरता भरतं ते युनिटच.

‘महाग शहरात राहा असं कोणी सांगितलं?’

रुग्णालयातल्या परिचारिकेला, बसचालकाला, शाळेतल्या शिक्षकाला काम जिथे आहे तिथेच राहावं लागतं. अमेरिकेत प्रांतवार किमतींचा सरकारी निर्देशांक निघतो. देशाची सरासरी १०० धरली तर कॅलिफोर्निया ११० च्या वर आणि मिसिसिपी ९० च्या खाली. संघीय प्राप्तिकराचे टप्पे मात्र दोन्हीकडे तेच. डेव्हिड अल्बुई या अर्थतज्ज्ञाने २००९ मध्ये दाखवलं की जास्त पगाराच्या शहरांतले कामगार, कमी पगाराच्या शहरांतल्या अगदी तशाच कामगारांपेक्षा २७ टक्के जास्त संघीय कर भरतात. पगार वाढीव दिसतो, तो भाड्यात जातो, आणि कर त्या वाढीव आकड्यावर लागतो. गंमत म्हणजे हेच टप्पे १९८५ पासून महागाईनुसार दरवर्षी वर सरकवले जातात. काळाने वाढलेली महागाई मानायची आणि जागेने वाढलेली मानायची नाही, याचं कारण मला आजवर कोणी समजावून सांगू शकलेलं नाही.

जागा बघून कर लावणं अशक्य आहे असंही नाही. नॉर्वेत १९९० पासून उत्तरेकडच्या फिनमार्क आणि नॉर्ड-ट्रॉम्स भागात प्राप्तिकर कमी आहे आणि मालकांना सामाजिक विम्याची वर्गणी माफ आहे. कॅनडात उत्तरेकडच्या रहिवाशांना वजावट मिळते, ऑस्ट्रेलियात दूरवरच्या भागांना १९४५ पासून सूट आहे.

मात्र महागड्या शहरांना सरसकट सूट द्या, असं मी म्हणणार नाही. जिथे नवी घरं बांधली जात नाहीत तिथे सूट मिळाली की घरमालक भाडं वाढवून ती खिशात घालतात, आणि भाडेकरू होता तिथेच राहतो. तिथे आधी घरं वाढवावी लागतील.

मजकुरातली एक गोष्ट मात्र मला मान्य आहे: सवलतींचं जंगल झालंय. मागून, अर्ज करून, पुरावे जोडून मिळणारी प्रत्येक सवलत ज्याच्याकडे हिशेबनीस आहे त्यालाच आधी मिळते. ती साफ करायला माझी हरकत नाही. पण करमुक्त मर्यादा, छोट्यांसाठी सोपं विवरणपत्र आणि पैसे आल्यावर कर या तीन गोष्टी त्या जंगलात मोजू नका. त्या अर्ज न करता आपोआप मिळायला हव्यात, आणि मर्यादा ओलांडल्यावर हळूहळू कमी होत जायला हव्यात. त्या ताईंना पुढच्या तिमाहीत पुन्हा दिव्यासमोर बिल धरावं लागणार आहे. मी त्यांना सध्या एवढंच सांगितलंय की बिल हातात पडलं की त्याच दिवशी फोटो काढून ठेवा.