ऑनलाइन जामीनपत्राविषयी खुलासा

बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरात सध्या असे सांगितले जात आहे की, भाडेकरारासोबत ऑनलाइन तयार केलेल्या जामीनपत्रावरील सही केवळ ओळखीपुरती असते. हे चुकीचे आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरलेले नसल्यास जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. म्हणजे भाडे थकल्यास घरमालक भाडेकरूवर आधी दावा न लावताही थेट जामीनदाराकडे मागणी करू शकतो. पुतण्याला टिळकवाडीत खोली मिळावी म्हणून आपुलकीने सही करणाऱ्या काकांना हे आधीच समजायला हवे, असे मला मनापासून वाटते. शिवाय, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ नुसार, करार इलेक्ट्रॉनिक स्वरूपात झाला एवढ्याच कारणाने तो निष्प्रभ ठरत नाही.

म्हणून जबाबदारीची कमाल रक्कम आणि मुदत जामीनपत्रातच लिहून घ्यावी. जामीनदाराच्या संमतीवाचून घरमालक व भाडेकरूने अटी बदलल्यास, करार कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे त्यानंतरच्या व्यवहारांपुरता तो मोकळा होतो.

महाराष्ट्रातील नातलगाने सही केली, तरी बेळगावातील घराच्या भाडेकराराला मुद्रांक शुल्क कर्नाटकाच्याच कायद्याप्रमाणे लागते.