जर्मनी किडन्या पळवतो? जरा हिशेब मांडू या

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आठवडाभर एक मजकूर फिरतोय. त्याचं सार असं: "युरोपातल्या आठ देशांनी अवयवांची एकच यादी केली आणि फावलं जर्मनीचं. छोट्या देशात माणूस दगावला की त्याच्या किडन्या विमानाने श्रीमंतांकडे. उद्या भारतातही हेच होणार. ज्या देशाचा दाता, त्याच देशाचा रुग्ण, एवढा साधा नियम हवा."

मजकूर अगदीच हवेतला नाही, म्हणून तर तो पसरतो. ही यादी सांभाळणारी संस्था म्हणजे नेदरलँड्समधल्या लायडनची 'यूरोट्रान्सप्लांट'. जर्मनी, ऑस्ट्रिया, नेदरलँड्स, बेल्जियम, लक्झेंबर्ग, स्लोव्हेनिया, क्रोएशिया आणि हंगेरी हे तिचे सदस्य. यातल्या जर्मनीची लोकसंख्या आठ कोटींवर, पण मृत्यूनंतर अवयव देणारे वर्षाला जेमतेम हजार. ऑस्ट्रिया-बेल्जियममध्ये जिवंतपणी नकार नोंदवला नसेल तर संमती गृहीत धरतात. जर्मनीच्या संसदेने तसा प्रस्ताव जानेवारी २०२० मध्ये फेटाळला. परिणामी जर्मनी देतो त्यापेक्षा घेतो जास्त. शेजारी कुरकुरतात, आणि त्यांची कुरकुर रास्त आहे.

पण म्हणून 'पळवतो'? किडनीचं वाटप गुणांवर चालतं. ऊती किती जुळतात, रुग्ण किती काळ थांबलाय, अंतर किती, हे तर मोजतातच; शिवाय कोणत्या देशाने किती दिल्या आणि किती घेतल्या याचेही गुण असतात. ज्या देशाने जास्त दिल्या, त्याच्या रुग्णाचं पारडं पुढच्या वेळी जड होतं. अत्यवस्थ रुग्णासाठी दुसऱ्या देशातून यकृत आणलं, तर त्याच रक्तगटाचं यकृत परत देणं बंधनकारक असतं. उधारीची वही आहे ती, आणि ती रोज लिहिली जाते.

आता 'छोट्या देशांचं नुकसान'. इथे मजकूर पार उलटा पडतो. स्लोव्हेनियाची लोकसंख्या २० लाखांच्या घरात. समजा तिथे वर्षाला ४० दाते मिळाले. आता अशी एक बाई धरा, जिची दोन-तीन बाळंतपणं झालीत, रक्त चढवलंय, एक किडनी बसवून ती निकामीही झालीय. अशा शरीरात परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडीज, म्हणजे परक्यावर हल्ला करणारी प्रथिनं) तयार झालेली असतात. कधी कधी इतकी, की शंभरातले ९८ दाते बाद. चाळिसातले २ टक्के म्हणजे वर्षाला एकही नाही, आणि रक्तगट तर अजून पाहिलेलाच नाही! आठ देशांत मिळून वर्षाला सुमारे दोन हजार दाते असतात. त्यांचे २ टक्के म्हणजे ४०. डायलिसिसच्या खुर्चीतून सुटण्याची आशा याच फरकात आहे.

हे कोड्यासारखं गणित ज्याला सुचलं तो लायडनचाच डॉक्टर, योन फान रूड. गर्भवती स्त्रियांच्या रक्तात पांढऱ्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडं असतात, हे त्याने १९५८ मध्ये दाखवलं. जुळणी इतकी अवघड असेल तर एका शहराची, एका देशाची यादी पुरणार नाही, हे ओळखून त्यानेच १९६७ मध्ये ही संस्था उभी केली. म्हणजे मुळात दानधर्माचा विचार नव्हताच. एकट्याने कुणाचंच भागत नव्हतं.

'सामील झालं की देश लुटला जातो' म्हणणाऱ्यांनी क्रोएशियाकडे बघावं. २००० मध्ये तिथे दहा लाख लोकांमागे तीनही दाते नव्हते. २००७ मध्ये तो देश यूरोट्रान्सप्लांटमध्ये आला. २०११ पर्यंत आकडा ३५ वर गेला होता. मोठं श्रेय रुग्णालयांत नेमलेल्या समन्वयकांचं, हे मान्य. पण लुटल्या गेलेल्या देशाचं चित्र असं नसतं. आणि चार लाखही वस्ती नसलेल्या आइसलँडने काय करावं? तिथल्या माणसाला हृदय बदलायचं तर स्वीडनमधलं योटेबोर्ग गाठावं लागतं. उत्तरेकडच्या देशांची अशीच संस्था १९६९ पासून आहे.

'प्रवासात अवयव नासतात' हेही मजकुरात कुठेतरी घुसडलंय. हृदयाला साधारण चार तास मिळतात, किडनीला एक दिवस किंवा थोडा जास्त. ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणूनच अंतर मोजतात. १९९९ पासून तर पासष्टीपुढच्या दात्याची किडनी पासष्टीपुढच्याच जवळच्या रुग्णाला देतात, ऊती जुळवत न बसता, वेळ वाचावा म्हणून. बाकी, हॅम्बुर्ग ते म्युनिक हे एकाच देशातलं अंतर जवळपास ८०० किलोमीटर, आणि म्युनिकहून ऑस्ट्रियाचं साल्झबर्ग दीडशेच्या आत. नागपूर-मुंबई करणाऱ्याला हे वेगळं समजावायला नको.

राहिली भारताची भीती. आपल्याकडे मृत दात्याच्या अवयवाचा क्रम ठरलेला आहे: आधी राज्य, मग विभाग, मग देश, त्यानंतर भारतीय वंशाची व्यक्ती, आणि परदेशी नागरिक सर्वांत शेवटी. आपल्या विभागात महाराष्ट्राबरोबर गोवा, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगडही येतात. म्हणजे गोव्यात घेणारा मिळाला नाही तर तिथली किडनी मुंबईच्या माणसाला मिळू शकते. मजकूर पुढे पाठवणाऱ्या काकांना मी एवढंच विचारलं, की ती किडनीही गोव्यातच ठेवायची का? निळी टिक आली आहे, उत्तर अजून नाही.