"पूर्वी निसर्ग शांत होता" हा फॉरवर्ड पुढे पाठवण्याआधी

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल: पूर्वी देशात निसर्ग शांत होता, आपत्ती आत्ता वाढल्या, माणसं पूर्वीपेक्षा जास्त मरतात आणि हवामान खात्याचे इशारे काही कामाचे नाहीत. मला हा मेसेज वाचून खरंच वाईट वाटलं.

शांत कधी होता? 1977 मध्ये आंध्रात दिवीसीमेला वादळाची लाट शिरली, सुमारे 10,000 माणसं गेली. 1993 ला किल्लारीचा भूकंप, विसर्जन आटपून लोक झोपलेले, पहाटे 3:56 ला दगडमातीच्या भिंती आणि वरचं जड माळवद अंगावर आलं, बहुतेक माणसं घराखाली दबूनच मेली.

आता जास्त मरतात हे तर चक्रीवादळांच्या बाबतीत साफ उलटं आहे. 1999 ला ओडिशात सुपर सायक्लोनने सुमारे 10,000 जीव घेतले, आणि 2013 ला फायलिन आलं तेव्हा आकडा शंभराच्याही आत राहिला, 2019 ला फनीच्या वेळीही तसंच. वादळ मवाळ होतं म्हणून नाही हो, दोन्ही वेळा दहा लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त लोक आधीच हलवले होते. खांबांवर उभे केलेले निवारे बांधले, लाट खालून निघून जाते, माणसं वर सुखरूप. मग इशारे कामाचे नाहीत कसं म्हणता? असं वाचून उद्या कोणी घर सोडायला नकार दिला तर?

एक गोष्ट मात्र मान्य. पाऊस खरंच बिघडलाय, 1950 ते 2015 मध्ये मध्य भारतात अतिमुसळधार पावसाच्या घटना जवळपास तिप्पट झाल्या असं 2017 चा अभ्यास सांगतो. भूकंपाचं तसं काही नाही.

आणि जिथे अजून माणसं जातायत तिथे इशारा पोचतच नाही किंवा फार मोघम असतो. माळीण 2014, तळिये 2021, इर्शाळवाडी 2023, वायनाड 2024, सगळीकडे डोंगर खाली आला आणि जिल्ह्याला अलर्ट असला तरी आपल्या वाडीवर दरड येणारे हे बहुतेकांपर्यंत पोचलं नव्हतं. वीज पडून देशात दरवर्षी 2,000 हून जास्त लोक जातात, त्यातले कितीतरी शेतात, पाऊस आला म्हणून झाडाखाली थांबलेले. दामिनी अ‍ॅप आजूबाजूला वीज पडतेय का ते दाखवतं, फुकट आहे. घरच्या शेतात जाणाऱ्या माणसाच्या फोनवर आजच टाकून द्या.