भेग आहे, मग सोनं कुठे आहे? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

धातूच्या खाणी जमिनीतल्या खोल भेगांशी जोडलेल्या असतात, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, ‘खोलवरच्या भेगा म्हणजे भूगर्भाचं ज्योतिष. नकाशावर हव्या तेवढ्या रेघा मारा, एखादी खाण कुठल्यातरी रेघेवर येणारच. आणि भेगांतूनच धातू वर येतात, तर कोयनेत सोनं का नाही?’ टोमणा झकास आहे. पण त्यात प्रश्न दोन आहेत, म्हणून उत्तर जरा लांबलंय.

रेघांवरचा तुमचा संशय रास्तच आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ऑलिम्पिक डॅमबद्दल (हे धरण नव्हे, तांबं-युरेनियमची खाण आहे) सांगतात की भूशास्त्रज्ञ टिम ओड्रिस्कॉल यांनी खोल भेगांचा माग म्हणून नकाशावर रेघा ओढल्या आणि खाण सापडली. इतकं सरळ काही घडलं नव्हतं. वेस्टर्न मायनिंग कंपनी तांब्याच्या मागावर होती. जुन्या बेसाल्टमधून निघालेलं तांबं जवळपासच्या गाळाच्या खडकांत साचलं असेल, असा भूशास्त्रज्ञ डग्लस हेन्स यांचा तर्क होता. गुरुत्वाकर्षण आणि चुंबकत्व नेहमीपेक्षा जास्त भरणाऱ्या जागा एकाच ठिकाणी आल्या आणि ओड्रिस्कॉल यांच्या रेघांचाही तिथे कौल पडला. १९७५ मध्ये पहिलं बोअर घेतलं. वरचे तीनेकशे मीटर नुसते आडवे, तरुण थर, धातूचा मागमूस नाही. त्याखाली ३८ मीटर खडकात जेमतेम एक टक्का तांबं. मधली बरीचशी बोअर निराशा करून गेली. १९७६ च्या अखेरीस दहाव्या बोअरला १७० मीटर जाडीत दोन टक्क्यांवर तांबं लागलं, जोडीला युरेनियम! गंमत म्हणजे हे घबाड गाळात नव्हतंच, लोहाने माखलेल्या ग्रॅनाइटच्या चुऱ्यात होतं. तर्क फसला, जागा बरोबर निघाली. रेघांना यात किती श्रेय द्यायचं यावर वाद आहे. मी फारसं देणार नाही.

मला पटवलं ते नंतरच्या मोजण्यांनी. जमिनीतून वीज किती सहज वाहते ते मोजून खोलवरचं चित्र काढता येतं. २०१८ साली ग्रॅहम हाइन्सन आणि सहकाऱ्यांनी तिथलं असं चित्र छापलं. कवचाच्या खालच्या भागात वीजवाहक पट्टा आणि त्यातून वर आलेल्या तीन अरुंद वाटा, म्हणजे एकेकाळी तिथून गरम द्रव वर गेल्याच्या खुणा, असं ते मानतात. एक ऑलिम्पिक डॅमखाली, बाकीच्या दोन त्याच भागातल्या विर्दा वेल आणि व्हल्कन या ठिकाणांखाली. तिन्हीकडे खनिज आहे. हे कुणी पट्टी घेऊन आखलेलं नाही.

गाळातल्या तांबं-शिसं-जस्ताचा हिशेब निराळा. २०२० मधल्या एका जागतिक अभ्यासात त्यातला ८५ टक्के धातू जाड आणि पातळ शिलावरणाच्या (पृथ्वीच्या बाहेरच्या कठीण थराच्या) सीमेपासून २०० किलोमीटरच्या आत निघाला. ‘एवढ्या रुंद पट्ट्यात काहीही बसेल,’ असं तुम्ही म्हणणार. तीच शंका अभ्यासकांनाही होती, म्हणून खंडांवर कुठेही टाकलेल्या ठिपक्यांशी तुलना केली. ठिपके असे सीमेला चिकटले नाहीत.

आता कोयना. रस्ता आहे म्हणून मालाचा ट्रक येतोच असं नाही. आधी धातू सुटायला खडक हवा, तो वाहून न्यायला गरम खारं पाणी हवं, आणि वाटेत दाब, तापमान किंवा रसायन झटकन बदलून धातू खाली बसेल अशी जागा हवी. यातलं एक नसलं तरी भेग कोरडीच राहते. मोठ्या भ्रंशाच्या, म्हणजे खडक सरकलेल्या भेगेच्या, मुख्य पट्ट्यात तर बऱ्याचदा काहीच नसतं, सोनं बाजूच्या फाट्यांत सापडतं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत असंच आहे. शिवाय कोयनेत बेसाल्टच सुमारे किलोमीटरभर जाड आहे, त्याखाली ग्रॅनाइट आणि नाइस हे जुने खडक, म्हणजे तिथे काही असलंच तर ते झाकलेलं आहे. १९६७ चा भूकंप सांगतो की भेग जिवंत आहे. तिच्यातून कधीकाळी धातू वाहिला का, यावर भूकंप काहीच सांगत नाही.