टाकीचं झाकण उघडून प्रेशर जात नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक व्हिडिओ फिरतोय. त्याच्या खालचा मजकूर थोडक्यात असा: ई२० पेट्रोलमुळे (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) जुन्या गाडीचा फ्युएल फिल्टर तुंबतो, तो घरीच बदला. जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या पाइपात प्रेशर नसतंच, तरी टाकीचं झाकण पाच मिनिटं उघडं ठेवा म्हणजे असेल ते निघून जाईल. इंजिन गरम असतानाच पाइप काढा, सांडलेलं पेट्रोल आपोआप उडून जातं. बॅटरी काढू नका, सेटिंग जातात. पाइपातलं उरलेलं पेट्रोल तोंडाने ओढून घ्या.

माझ्या आत्तेभावाने हे वाचलं आणि मला निरोप धाडला, ‘दादा, रविवारी पान्हे घेऊन ये.’ त्याची २००५ची मारुती झेन, जागा इमारतीखालचं पार्किंग. त्याला फोनवर समजावलं, पण हा मजकूर आणखी किती जणांकडे गेला असेल या विचाराने राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात चुकीची आणि सगळ्यात खरी वाटणारी गोष्ट म्हणजे ते झाकण. झाकण फिरवल्यावर फुस्स आवाज येतो, माणसाला वाटतं प्रेशर गेलं. तो आवाज टाकीत साठलेल्या वाफेचा असतो. एमपीएफआय गाडीत, म्हणजे इंजेक्टरने इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत, टाकीच्या आत विजेचा पंप असतो आणि त्याच्या तोंडाशी एकमार्गी झडप असते. पंपापासून इंजेक्टरपर्यंतच्या लाइनमध्ये जे पेट्रोल आहे ते ती झडप मागे येऊ देत नाही. गाडी बंद केल्यावरही तिथे दाब टिकावा म्हणूनच ती बसवलेली आहे. दाबाखाली पेट्रोल सहजी उकळत नाही, त्यामुळे तापलेल्या लाइनमध्ये वाफ धरत नाही आणि गरम गाडी पटकन सुरू होते. हा दाब कित्येक तास राहू शकतो. किती असतो? साधारण अडीच ते तीन बार, म्हणजे ३६ ते ४४ पीएसआय. आपण गाडीच्या चाकात हवा भरतो ती तीसच्या आसपास. तेवढ्या जोराने पेट्रोल बाहेर आलं की ते ओघळत नाही, फवारा उडतो. आणि फिल्टर टाकीजवळ गाडीखाली असेल तर तुम्ही उताणे पडलेले असता, तोंड त्याच्या बरोबर खाली.

आता ‘इंजिन गरम असताना करा.’ हे वाचून मला खरोखर संताप आला. पेट्रोल उडून जातं म्हणजे नाहीसं होत नाही, त्याची वाफ होते, आणि पेट घेते ती वाफच. शून्याखाली चाळीस अंशांनाही पेट्रोलवर पेटण्याइतकी वाफ तयार होत असते. हवेत ती दीड टक्क्याच्या आसपास असली तरी ठिणगी पुरते. ठिणगीही लागतेच असं नाही: पेट्रोल अडीचशे-पावणेतीनशे अंशांना आपोआप पेटतं, आणि नुकत्याच चाललेल्या गाडीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर बाहेर नेणारा पाइप) त्याहून तापलेला असू शकतो. ही वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते. आत्तेभावाच्या पार्किंगमध्ये एका भिंतीला सोसायटीच्या पाण्याच्या पंपाचा स्टार्टर आहे. कोणीतरी तो दाबणारच.

‘जुन्या गाडीत प्रेशर नसतं’ यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करावं लागतं. कार्ब्युरेटरच्या गाडीत, म्हणजे जुनी ८००, पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर यांत, इंजिनवर चालणारा यांत्रिक पंप जेमतेम तीन ते पाच पीएसआय देतो. तिथे फवारा उडत नाही. पण २००० सालाच्या आसपासपासून आपल्याकडच्या गाड्या एमपीएफआय झाल्या. आज लोक ज्यांना जुन्या गाड्या म्हणतात त्यातल्या बहुतेक याच. ई२०बद्दलही थोडं तथ्य आहे: इथेनॉलने टाकीतला जुना गाळ सुटून फिल्टरमध्ये येऊ शकतो, जुने रबरी पाइपही खराब होऊ शकतात. मग तर उलट जास्त सांभाळून हात घालायला हवा.

प्रेशर काढायची रीत सुझुकीच्याच सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली आहे, कोणाला शोध लावायची गरज नाही. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर. फ्युएल पंपाचा रिले (पंपाला वीज देणारा स्विच) किंवा कनेक्टर काढायचा. टाकीचं झाकण उघडून वाफ सोडायची आणि परत लावायचं. झाकणाचं काम एवढंच. मग गाडी सुरू करायची आणि पेट्रोल संपून ती आपली आपण बंद पडेपर्यंत चालू द्यायची. त्यानंतर दोन-तीन वेळा, दर वेळी तीनेक सेकंद, सेल्फ मारायचा. आता लाइन उघडता येते. तरी थोडं पेट्रोल येतंच, म्हणून जोडावर कापड धरायचं आणि डोळ्यांवर चष्मा हवा. त्याच मॅन्युअलमध्ये बजावलंय की हे काम इंजिन गरम असताना करायचं नाही, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर (धूर स्वच्छ करणाऱ्या भागावर) वाईट परिणाम होऊ शकतो. म्हणजे त्या मजकुराच्या नेमकं उलट.

सीएनजी किट असेल तर स्विच पेट्रोलवर ठेवा. नाहीतर रिले काढूनही इंजिन गॅसवर चालतच राहील आणि पेट्रोलच्या लाइनमधला दाब तसाच.

बॅटरीचं सांगायचं तर रेडिओची स्टेशनं पुसली जातात हे खरं. जाऊ द्यावीत. सेल्फ मारून झाल्यावर, पाइपाला हात लावायच्या आधी निगेटिव्ह टर्मिनल काढायचं. तोंडाने पेट्रोल ओढणं तर अजिबात नको, ते फुफ्फुसात गेलं तर रासायनिक न्यूमोनिया होतो. आणि चुकून गिळलं गेलं तर उलटी करवू नका, सरळ डॉक्टरकडे जा.

काम उघड्यावर करा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा. उजेडाला लटकता काचेचा बल्ब नको, तो फुटला की तीच ठिणगी. ड्राय पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा. पाण्याची बादली उपयोगाची नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगत जळतं. पाइप बदलावा लागला तर इंजेक्शनच्या दाबाचाच घ्या, कार्ब्युरेटरच्या गाडीचा स्वस्त पाइप मारू नका. सगळं जोडल्यावर रिले आणि बॅटरी लावून चावी दोन-तीनदा नुसती ऑन-ऑफ करा, दर वेळी पंप दोनेक सेकंद फिरून लाइन भरेल. मग खाली वाकून प्रत्येक जोड कोरडा आहे का बघा, आणि त्यानंतरच सेल्फ मारा.

यातलं काही जमणार नसेल, किंवा बंद पार्किंगशिवाय जागाच नसेल, तर गाडी गॅरेजला न्या. आत्तेभावाने तेच केलं.