जन्म कुठेही होवो, मठ आपल्याकडे होता

बाराव्या शतकातले गणिती-ज्योतिषी भास्कराचार्य नेमके कुठले, यावरून पुन्हा जुंपलीय, सोबत त्यांच्या पुतळ्याची मागणीही आहेच. त्यांनी स्वतः सांगितलेलं गाव विज्जडविड. ते म्हणजे आपलं खानदेशातलं पाटण, कोणी म्हणतं बीड, कोणी विजापूर. "आपलाच शे ना भाऊ!" म्हणायला मलाही आवडतं. पण त्यांनी दिलेल्या 'सह्याद्रीच्या आश्रयाचं गाव' एवढ्या खुणेवर हा निकाल लागणं कठीण, आणि या भांडणात जे दगडावर कोरलेलं आहे ते कोणी वाचतच नाही.

चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख भाऊ दाजींनी १८६५ मध्ये उजेडात आणला. आचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. (तापी-पूर्णेच्या संगमावरचे योगी चांगदेव वेगळे, कमेंटमध्ये गल्लत नको.) आजोबांचे ग्रंथ, त्यातही 'सिद्धांतशिरोमणी', शिकवायला त्याने इथे मठ काढला. १२०७ च्या श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या दिवशी, इथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेव या सरदाराने मठाला दान दिलं. शेवटच्या ओळी चक्क मराठीत आहेत: पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरचा हक्क मठाचा, आणि दर घाण्यामागे पळीभर तेल. ग्रहगणिताच्या शाळेला तेल्याच्या घाण्यातून वाटा! जवळच बहाळला १२२२ चा आणखी एक लेख आहे, तो आचार्यांच्या भावाचा नातू अनंतदेव याचा. म्हणजे सगळं घराणंच या भागात वावरत होतं.

आणि शिकवत काय होते? कुंडली, असं बहुतेकांना वाटतं. पण ११५० सालचा 'सिद्धांतशिरोमणी' उघडला की आधी हिशोबच समोर येतो. ग्रहाची आजची जागा उद्याच्या जागेतून वजा केली की दिवसाची गती मिळते, हे ठीक. पण चंद्र एका दिवसातही सारख्या चालीने चालत नाही. कधी दिवसाला बारा अंशांच्या आत, कधी पंधराच्या वर. तिथी कधी संपते हे काढायचं तर ही ढोबळ गती चालत नाही, त्या क्षणाची 'तात्कालिक गती' लागते, असं आचार्य बजावतात. पुढे तर असंही सांगतात की मध्यम स्थानापासूनचा (सरासरी गतीने ग्रह जिथे असायला हवा तिथपासूनचा) फरक जिथे सर्वात जास्त, तिथे गतीतली दुरुस्ती शून्य होते. अकरावी-बारावीत आपण कॅल्क्युलसमध्ये हेच शिकलो, फक्त हे बाराव्या शतकात सह्याद्रीच्या कुशीत लिहिलं गेलंय हे कोणी सांगितलं नाही.

माझं म्हणणं एवढंच, की पुतळ्याची मागणी जरा बाजूला ठेवू. नवरात्रात पाटणच्याच पाटणादेवीला एवढी गर्दी लोटते, तिथे उघड्या जागी बारा अंगुळांचा एक शंकू, म्हणजे सावली मोजायचा सरळ खांब, उभा करा. विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र सारखी असते त्या दिवशी, भर दुपारी त्याची सावली, म्हणजे त्या गावची पलभा, साडेचार अंगुळांना किंचित कमी भरेल. तेवढ्यावरून पाटणचा अक्षांश पोरं स्वतः काढतील. खर्च फारसा नाही. एक खांब, एक सपाट ओटा आणि जमिनीवर चार रेघा.