थंडी पंधरा अंशांची, बंदोबस्त हिमालयाचा

कोल्हापुरात थंडी पडते म्हणजे पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास येतो. एखाद्या वर्षी आणखी थोडा खाली. दुपारी पुन्हा ३० च्या घरात, आणि माणसं स्वेटर कमरेला बांधून उसाचा रस पितात. माझी तक्रार या थंडीबद्दल नाहीच. ती बिचारी दोन-अडीच महिने येते, कुणाच्या अध्यातमध्यात नसते. तक्रार आहे ती तिच्यावरच्या उपायांबद्दल. आमच्याकडचे उपाय मुळात बरोबर असतात. ते कोल्हापुरी मापानं करायला गेलं की घोटाळा होतो.

सर्दी झाली की पहिला हुकूम सुटतो, "तांबडा रस्सा वड दोन वाट्या, नाक मोकळं होतंय बघ." होतं, मी नाही म्हणत नाही. तिखटानं नाकाला पाणी सुटतं, गरम रश्श्यानं घसा शेकतो. पण सर्दीचा विषाणू लवंगी मिरचीला भीत नाही. तो आपला आठवडा-दहा दिवसांचा मुक्काम पुरा करूनच जातो. थोड्या वेळानं नाक पुन्हा बंद, वर छातीत जळजळ. त्यात रश्श्यावर ताव मारून लगेच गोधडीत शिरलं की पोटातलं आम्ल वर सरकतं आणि रात्रभर ढास लागते. सकाळी नाव थंडीचं! आजाऱ्यानं खरं तर अळणीवर समाधान मानावं. हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवलेल्या मटणाचं नुसतं पाणी, एक वाटी, झोपायच्या दोन तास आधी. पांढराच हवा असेल तर नारळाचं दूध शेवटी घालून मंद आचेवर ठेवा; खळखळून उकळलं की ते फुटतं आणि मग आजाऱ्यापेक्षा स्वयंपाक करणाऱ्याची तब्येत बिघडते.

दुसरा उपाय रंकाळा तलावाभोवती चालण्याचा. पहाटे साडेपाचला कानटोपी, मफलर, हातमोजे घालून मंडळी अशी निघतात की समोरून आलेला सख्खा भाऊ ओळखू येऊ नये. दोन पातळ थर घातले तर अंग तापल्यावर एक काढता येतो. एकच जाड स्वेटर घातला की आत घाम, बाहेर वारा, आणि ओल्या बनियनवर हुडहुडी. चालणं पाऊण तासाचं. त्यात साधारण २०० कॅलरी जातात. त्यानंतरची मिसळ, वर जादा कट, ब्रेडच्या चार स्लाइस आणि "चालून आलोय की" हा युक्तिवाद, यांत त्या व्याजासकट परत येतात.

शिवाय एवढ्या पहाटे चालून ड जीवनसत्त्व मिळतं हा गैरसमज. कोवळ्या उन्हानं ऊब मिळते, ती वेगळी. ज्या किरणांनी कातडीत हे जीवनसत्त्व तयार होतं, ते सूर्य वर आल्यावरच पुरेसे पोचतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते का बघा. डिसेंबरात आपल्याकडं ते साधारण ११ ते २ या वेळात जमतं. हातपाय उघडे ठेवून १५-२० मिनिटं बसावं. खिडकीच्या काचेआड बसून उपयोग नाही, काच ते किरण अडवते.

आंघोळीबद्दल मात्र मी जरा कडक बोलणार. कडकडीत पाण्याची बादली अंगावर घेऊन "हाSSS" केलं की धन्य वाटतं, पण तेवढ्यात कातडीवरचं नैसर्गिक तेल धुऊन जातं आणि दुपारपर्यंत पोटऱ्या खाजवायला लागतात. पाणी कोपराला कोमट लागेल इतपतच हवं, आंघोळ १० मिनिटांत आटपायची, आणि अंग पुरतं कोरडं व्हायच्या आत खोबरेल लावायचं, म्हणजे ओल आत टिकते. आणि गॅसचा गीझर असेल तर तो बाथरूमच्या बाहेर बसवा, झरोका उघडा ठेवा. "वारं येतंय" म्हणून झरोक्यात फडकी कोंबणारे लोक मला माहीत आहेत. बंद जागेत गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि त्यानं माणूस मरतो. इथं विनोद संपतो.

आता डिंकाचे लाडू. पाव किलो खारीक पूड, पाव किलो भाजलेलं सुकं खोबरं, १०० ग्रॅम डिंक, ३०० ग्रॅम गूळ. डिंक आधी उन्हात सुकवून हरभऱ्याएवढा बारीक करावा आणि मध्यम तापलेल्या तुपात चमचा-चमचा तळावा. तूप फार तापलं की तो बाहेरून लाल आणि आत कच्चा राहतो, मग दाढेला असा चिकटतो की बोलणंच बंद. चिमटीत चुरा झाला तर जमला. गूळ नुसता विरघळवायचा. पाक पुढं गेला तर लाडू फोडायला खलबत्ता लागतो. खायचा दिवसाला एक. "आपल्या कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, खा बिनधास्त," असं मधुमेही काकांना सांगणारे भाचे घरोघरी आहेत. मानांकन गुळाला आहे, काकांच्या रक्तातल्या साखरेला नाही. गुळातल्या कॅलरी साखरेइतक्याच, जवळपास.

वाफेचं थोडक्यात: उकळतं पातेलं मांडीवर घेऊन वर चादर ओढायची नाही, ते कलंडतं. टेबलावर ठेवा, पाच मिनिटं पुरेत, आणि बाम-निलगिरीची बाटली त्यात ओतू नका, डोळे जातात पाण्यात. गुळण्यांना पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या सर्दीवर चालत नाहीत, कारण त्या जिवाणूंसाठी असतात. ताप तीन दिवसांवर गेला किंवा धाप लागली, तर व्हॉट्सॲपवर काढा विचारत बसू नका, डॉक्टरकडं जा.

राहिल्या टाचा. १५ मिनिटं कोमट पाण्यात पाय, मग दगडानं हलकेच घासणं, पुसून कोकमाचं तेल. ते गार असताना वडीसारखं घट्ट असतं. पळीत वितळवून बोटाला सोसेल इतकं निवू द्यायचं. कढत भेगेत ओतणारे शूर वीर आजही आहेत, आणि त्यांच्या आरोळ्या दोन गल्ल्या पलीकडं ऐकू येतात. वरून सुती मोजे घालावेतच. तेलकट टाचांनी रात्री पाणी प्यायला उठलेला माणूस फरशीवर घसरला, तर पुढचा उपाय हाडाच्या डॉक्टरकडं असतो.